विमान मुक्कामाला कुठं असतं?

पाडवा झाला. येत्या रविवारी, 29 मार्चला, विमानांचा उन्हाळा सुरू होतोय. धाराशिवातला उन्हाळा त्यांच्यासाठी थांबलेला नाही, तो कधीच आला. पण विमान कंपन्यांच्या वर्षात ऋतू दोनच. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी वेळापत्रक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. जगभर हेच चालतं. पावसाळ्याला त्यात जागा नाही, मग आषाढी, श्रावण, पोळा तर दूरच राहिले. या दोन तारखांच्या आसपास पेपरात बातम्या येतात. अमक्या शहराला नवी सेवा, तमक्या मार्गावर मोठं विमान, फलाणी फेरी बंद. सोलापूरहून विमान उडायला लागल्यापासून आमच्या जिल्ह्यातही या बातम्या चवीनं वाचल्या जातात. टपरीवर चर्चा एकच, आता कुठलं गाव मिळणार? दिल्ली? हैदराबाद? तिरुपती?

मला त्या चर्चेत बसून भलताच प्रश्न पडतो. ते विमान रात्री मुक्कामाला कुठं असतं?

प्रश्न पडायला कारण आहे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा ही आमच्या विभागाची सहा आगारं. नोकरी सगळी त्यांच्यातच गेली. काचेच्या केबिनमध्ये बसून माईकवर फलाट क्रमांक सांगणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तो मी. लोकांना वाटतं, याचं काम ओरडण्याचं. ते काम शिपाईसुद्धा करेल. खरं काम कागदावर असतं. कुठली गाडी, तिच्यावर चालक कोण, वाहक कोण, किती वाजता सुटायची, कुठं डिझेल भरायचं, परत कधी यायचं आणि रात्री कुठं उभी राहायची. गाडी पळताना सगळ्यांना दिसते. ती रात्री कुठल्या गावात झोपली यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ कुणाची हे ठरतं, आणि ते फक्त रोटेशनच्या तक्त्यावर दिसतं.

मुक्कामी गाडी हा प्रकार आजच्या शहरातल्या मुलांना सांगावा लागेल. तालुक्याहून शेवटची गाडी रात्री आठ-नऊला गावात यायची. चालक आणि वाहक शाळेच्या ओसरीत नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे. कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं यायचं. पहाटे साडेपाच-सहाला तीच गाडी तालुक्याला निघायची, तेव्हा तिच्यात दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, दवाखान्यात न्यायची बाई आणि बाजारची मेथीची गाठोडी असं सगळं गाव बसलेलं असायचं. त्या एका मुक्कामामुळं गावातली पोरगी बारावीपर्यंत शिकायची. हे मी अंदाजानं बोलत नाही, अशा पोरींचे पास आमच्याच खिडकीवरून दिले आहेत.

मग मुक्काम बंद व्हायचे. कारणं खोटी नसायची. गावात कर्मचाऱ्यांना धड संडास नाही, भारमान पडलंय, गाड्या कमी आहेत. मग आगारातून सातला गाडी सुटणार, साडेआठला गावात पोचणार, दहाला परत तालुक्याला. कागदावर फेरी एकही कमी झालेली नसायची. अशाच एका गावचे सरपंच एकदा केबिनमध्ये आले. मी त्यांना तक्ता दाखवला, म्हटलं, फेरी कुठं बंद केली? दोनच्या दोन आहेत की. ते म्हणाले, "फेऱ्या हायेत सायेब, पर सकाळ गेली की आमची."

विमानाच्या वेळापत्रकाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या सरपंचांनी कधीच म्हणून ठेवलंय.

सोलापूरची हकीकत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात. होटगी रस्त्यावरचा विमानतळ जुना. 2009-10 च्या सुमारास किंगफिशरचं विमान तिथून मुंबईला जायचं. ते बंद पडलं, पुढं 2012 मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. नंतरची कितीतरी वर्षं विमानाच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर वाद घालण्यात गेली. 15 जून 2023 ला चिमणी पाडली. 29 सप्टेंबर 2024 ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून केलं. प्रवासी घेऊन विमान उडालं ते मात्र 9 जून 2025 ला, फ्लाय91 चं, गोव्यासाठी. उद्घाटन ते उड्डाण, मधे आठ महिन्यांवर काळ. ऑक्टोबर 2025 मध्ये स्टार एअरची मुंबईची आणि बंगळुरूची सेवा सुरू झाली. त्यातल्या मुंबईच्या मार्गासाठी राज्य सरकारनं तफावत निधी द्यायचं ठरवलं. सोप्या भाषेत, तिकिटातून खर्च निघत नाही तिथं फरक सरकार भरणार.

चांगलं झालं. तुळजापूरहून सोलापूर पाऊण-एक तास, धाराशिवहून दीड तास धरा. पूर्वी विमानात बसायचं तर आमच्या माणसाला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवत पुणे गाठावं लागायचं, नाहीतर उमरग्याच्या बाजूनं हैदराबाद. ती दोन्ही विमानतळं आपली नव्हेत. तिथल्या वेळा तिथल्या माणसांसाठी लावलेल्या. माझ्या घरातलंच उदाहरण. मुलगा उत्तरेत नोकरीला. त्याच्या आईला त्याच्याकडं पोचवायचं म्हणून पुण्याहून दुपारचं तिकीट काढलं होतं. जायच्या आठवड्यात फोनवर मेसेज आला की उड्डाणाची वेळ बदलली आहे, आता पहाटेचं. पुण्याच्या माणसाला त्यात एवढंच की गजर लवकर लावायचा. आम्हाला आदल्या दिवशी दुपारी घर सोडावं लागलं आणि अख्खी रात्र विमानतळाबाहेरच्या बाकावर काढावी लागली. बायको म्हणाली, "एसटीत असता तर असं वेळापत्रक लावणाऱ्याला तुम्ही मेमो दिला असता." कंपनीचं नाव सांगत नाही. तो दोष एकीचा नाही, सगळ्यांची तीच रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. फ्लाय91 चं घर गोव्यात, मोपाला. स्टार एअरचा मालक समूह कोल्हापूरकडचा असला तरी विमानांचा मोठा तळ कर्नाटकात. म्हणजे सोलापूरला येणारी विमानं पाहुणी आहेत. सकाळी आपल्या घरून निघतात, वाटेत सोलापूरला टेकतात, माणसं उतरवतात-चढवतात, पुढं जातात आणि संध्याकाळी आपल्या घरी झोपायला जातात. साहजिकच सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची वेळ त्यांच्या घरच्या शहराला मिळते. आपल्याला मिळते ती मधली. आणि मधल्या वेळेला मुंबईला पोचलेल्या माणसाचा मंत्रालयातला साहेब जेवायला गेलेला असतो, दवाखान्याची ओपीडी उठलेली असते. त्याला रात्र मुंबईत काढावीच लागते. मग विमानानं वाचवलेले तास लॉजवाल्याच्या घरात जातात.

याच जिल्ह्यानं उलटं उदाहरणही पाहिलंय. लातूर-मुंबई एक्सप्रेस. रात्री धाराशिवला बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर काम उरकून रात्री परत तीच गाडी धरायची. एका गाडीनं मुंबई आमच्या आवाक्यात आणली, त्याचं कारण तिचा वेग नव्हे. ती लातूरहून सुटते, हे कारण. 2017 मध्ये तीच गाडी आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. बाहेरच्या लोकांना तो हट्ट वाटला. बिदरच्या माणसानं मुंबईला जाऊ नये काय? जरूर जावं, त्याला स्वतंत्र गाडी द्यावी. पण गाडीचं घर बदललं की गाडी कुणाची हे बदलतं, हे लातूरच्या रिक्षावाल्यालाही कळत होतं.

विमानाच्या बाबतीत पाहुणेपणाचा आणखी एक तोटा आहे. एकच विमान दिवसभरात चार-सहा उड्डाणं करतं. सकाळी कुठं धुकं पडलं, मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या, की उशीर साठत जातो. दुपारनंतर कंपनीचा माणूस तक्त्यापुढं बसतो आणि बघतो, यातली कुठली फेरी तोडली तर विमान वेळेवर घरी जाईल? तोडली जाते ती छोट्या गावाची. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्या खुर्चीवर मी बसलोय. गाडी कमी पडली की आडवळणाच्या गावाची फेरी आधी रद्द व्हायची, पुण्याची नाही.

शेजाऱ्यांकडं बघा. 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेची पहिली उड्डाणं झाली, त्यात शिमल्याबरोबर आपलं नांदेडही होतं. नांदेड-हैदराबाद, ट्रूजेट कंपनीचं विमान. 2022 मध्ये ट्रूजेट बंद पडली. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला. उमरग्याच्या माणसाला तो सोलापूरइतकाच जवळ. तिथून बंगळुरूचं विमान होतं, ते ऑक्टोबर 2025 मध्ये थांबलं. 'उडान'खालची मदत संपली की मार्ग परवडत नाही, हे कारण. आणि त्याच महिन्यात सोलापूरहून बंगळुरू सुरू झालं. आपण पेढे वाटत होतो तेव्हा सत्तर-ऐंशी मैलांवर एक विमानतळ सामसूम होत होता. 'उडान'मधली मदत तीन वर्षांची असते. तीन वर्षांत मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी कल्पना. कल्पना वाईट नाही. पण ज्या फेरीची वेळ प्रवाशाच्या उपयोगाची नाही तिला तीन काय, तेरा वर्षं दिली तरी भारमान येणार नाही. मग अहवालात लिहितात, मागणी नाही.

देशाचा आकडाही सांगतो. गेल्या हिवाळी वेळापत्रकात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं आठवड्याला 26,495 देशांतर्गत उड्डाणं मंजूर केली होती, 126 विमानतळांवरून. त्यातली 15,014 एकट्या इंडिगोची. त्याच यादीत नवे विमानतळ म्हणून आपल्या अमरावतीचं नाव होतं आणि सेवा थांबलेले म्हणून अलिगढ, मुरादाबाद, चित्रकूट, भावनगर, लुधियाना, पाक्योंग अशी नावं होती. दर हंगामात अशी काही गावं यादीत येतात, काही गळतात. गळणाऱ्यांच्या उद्घाटनालाही बँड वाजलाच असणार.

मंजूर आकडा आणि उडालेला आकडा यांतला फरक तर डिसेंबरात सगळ्या देशानं पाहिला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. इंडिगोनं त्या हिशेबानं माणसं उभी केली नव्हती. 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणं रद्द झाली. सरकारला तिकिटांवर कमाल मर्यादा घालावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये, आणि पुढं कंपनीचं वेळापत्रकच दहा टक्क्यांनी कापावं लागलं. टीव्हीवर मोठमोठी माणसं हे गुंतागुंतीचं करून सांगत होती. एसटीतल्या कुठल्याही नियंत्रकाला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं: चालक मोजल्याशिवाय फेऱ्या लावल्या. आम्हीसुद्धा नवरात्रात चालकांकडून डबल ड्युटी घेतलेली आहे, पण हजेरीपट समोर ठेवून.

विमान कुठल्या जातीचं, यालाही महत्त्व आहे. फ्लाय91 कडं एटीआर-72 आहे, पंख्याचं. स्टार एअरकडं दोन प्रकारची एम्ब्राएर, एक पन्नास आसनांचं आणि एक शहात्तर आसनांचं. कंपनीनं ऐन वेळी मोठ्याऐवजी धाकटं विमान लावलं तर सव्वीस माणसांचा प्रश्न उभा राहतो. त्यात आपला उन्हाळा. हवा तापली की ती विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीस-बेचाळीसला जातो. तशा दुपारी, मर्यादित लांबीच्या धावपट्टीवरून उडायचं तर कधी माणसं, कधी सामान, कधी इंधन कमी करावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात अशा ठिकाणाहून सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर उडावं, हे शहाणपणाचं. आणि सकाळी लवकर उडायचं तर विमान रात्री तिथंच हवं. बघा, फिरून गाडी मुक्कामावरच येते.

मुक्कामाला काय लागतं? विमान उभं करायला जागा, रात्री उतरता येईल अशी दिव्यांची आणि यंत्रांची सोय, पहाटे आणि रात्री उशिरापर्यंत विमानतळ उघडा ठेवणारी माणसं, वैमानिक आणि हवाई सुंदरींना झोपायला बऱ्यापैकी हॉटेल, किरकोळ दुरुस्तीचा एखादा तंत्रज्ञ. शाळेच्या ओसरीवर भागणार नाही हे खरं, पण सोलापूरसारख्या शहराला यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते मुंबईत सकाळची जागा मिळवणं. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, म्हणजे एका वेळी एकच चालणार. तिथली सकाळची एकेक वेळ सोन्याच्या भावाची. ज्याच्याकडं ती वेळ आहे त्यानं ती हंगामात ऐंशी टक्के वापरली की पुढच्या हंगामात त्याचाच हक्क. नव्यानं येणाऱ्याला उरलंसुरलं. शहात्तर माणसांच्या विमानासाठी तिथं कोण वेळ सोडणार?

इथं नवी मुंबईचा उपयोग होऊ शकतो. तो विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय आणि तिथं अजून जागा आहे. छोट्या विमानांच्या फेऱ्या तिकडं जाणार हे उघड आहे. काही लोक कुरकुर करतील की सांताक्रूझच बरं. मला तसं वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्यांत दवाखान्याला जाणारे कमी नाहीत. टाटाचं परळचं रुग्णालय तिथून लांब पडेल, पण टाटाचंच खारघरचं केंद्र जवळ येईल. सकाळी आठला नवी मुंबई आणि दुपारी एकला सांताक्रूझ असं निवडायचं असेल तर मी डोळे झाकून सकाळचे आठ निवडीन. मंत्रालयाला तिथून लोकल आहे, टॅक्सी आहे. गेलेली सकाळ कुठल्या टॅक्सीनं परत येत नाही.

आपल्या दिनदर्शिकेचं कुणी ऐकणार का, हाही प्रश्न आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत. म्हणजे लग्नसराई एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटणार. पण अधिक महिन्यात गाड्या रिकाम्या जातील असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या स्थानकावर येऊन बघावं. जावयांना धोंड्याचं जेवण असतं, लेकीबाळी माहेरी येतात, आणि तुळजापूर-पंढरपूरला एरवी नसते एवढी गर्दी होते. अधिक महिन्यामुळं पुढचे सण लांबतात. नवरात्र 11 ऑक्टोबरला बसतंय आणि विमानांचं हिवाळी वेळापत्रक 25 ऑक्टोबरला, नेमकं कोजागिरीच्या वेळेला सुरू होतंय. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसं चालत येतात. तो रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवतात. त्या दिवशी धाराशिवच्या माणसाला विमानतळ गाठायला किती वेळ लागेल, हे बंगळुरूत बसलेल्या संगणकाला कळणार नाही. ते त्याला सांगावं लागेल.

एसटीत उन्हाळी जादा वाहतूक लावताना आम्ही शाळांच्या फेऱ्या मोकळ्या करून त्या गाड्या लांब पल्ल्याला लावायचो. नवरात्रात दुसऱ्या विभागांच्या गाड्या तुळजापूरला मागवायचो. तिथी, बाजार, परीक्षा, साखर कारखान्याचा पट्टा पडला का, सगळं बघून तक्ता बने. विमानवाले काय बघतात? गेल्या वर्षीची तिकीटविक्री. जिथं गेल्या वर्षी विमानच नव्हतं तिथं ते काय बघणार?

आता पैशाचं. सरकार आसनामागं पैसे देतंय, म्हणजे त्या विमानात माझाही पैसा आहे, कधी विमानात न बसलेल्या परंड्याच्या शेतकऱ्याचाही आहे. गेल्या सप्टेंबरातल्या पुरात परंडा-भूमकडच्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं, त्यातल्या पुष्कळांचा आकाशाशी आलेला संबंध तेवढाच. त्यांच्या नावानं कुणी सकाळी मुंबईला जात असेल तर निदान विमान वेळेवर तरी जावं. करारात नुसती आसनं मोजून पैसे दिले तर कंपनी आपल्या सोयीच्या वेळेला आसनं उडवेल. पैसे सकाळी नऊच्या आत पोचवण्याचे द्या, संध्याकाळी परत आणण्याचे द्या, फेरी रद्द केली तर कापा. पहिल्या वर्षी पैसे जास्त लागले तरी चालतील, पण मुक्कामाच्या विमानाचे लागू द्या.

प्रवाशानंही थोडं जागं राहावं. नियम असा आहे की उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीनं दोन आठवडे आधी कळवायचं. चोवीस तास आधीपर्यंत कळवलं तरी दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं प्रवासी म्हणेल ते द्यायचं. त्याहून उशिरा कळवलं आणि कारण हवामानासारखं त्यांच्या हाताबाहेरचं नसेल, तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणं पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई आहे. मूळ भाडं आणि इंधन अधिभार त्याहून कमी असेल तर तेवढी. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही.

राहता राहिला धाराशिवचा स्वतःचा विमानतळ. निवडणूक आली की हा विषय निघतोच. धावपट्टी आपल्याकडं आहे. 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि आपली अशा पाच धावपट्ट्या रिलायन्स समूहाच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिल्या गेल्या. आपल्या पट्टीवरून प्रवासी सेवा सुरू झाली नाही. ती व्हावी अशी मागणी करणाऱ्यांत माझे मित्र आहेत, त्यांना राग येईल, पण मी ती मागणी करणार नाही. सोलापूरला एक विमान भरायची मारामार, तिथं दीड तासावर दुसरं कशाला? त्यापेक्षा सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम लवकर संपवा म्हणून भांडा. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आहे, त्या यादीतून बाहेर पडायला आपल्या अंगणात विमान उतरण्याची गरज नाही. सोलापूरच्या विमानापर्यंत आपला माणूस स्वस्तात आणि खात्रीनं पोचला पाहिजे.

आज तो कसा पोचतो? स्वतःची गाडी, नाहीतर भाड्याची. ते भाडं कधीकधी विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतं. एसटीनं गेलं तर सोलापूर स्थानकावर उतरायचं आणि तिथून रिक्षावाल्याशी घासाघीस. धाराशिवहून तुळजापूरमार्गे थेट विमानतळाच्या दारात जाणारी एक गाडी लावायला काय लागतं, हे मला पक्कं माहीत आहे: एक गाडी, दोन कर्मचारी आणि विभागाची एक सही. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट. येताना विमान उशिरा असेल तर गाडीनं थांबायचं, जशा आमच्या गाड्या रेल्वेच्या मेळासाठी थांबायच्या. पहिले महिने भारमान दहा-पंधरा टक्के येईल. येऊ द्या. मुक्कामी गाड्यांचंही पहिल्या वर्षी तेवढंच यायचं.

तेव्हा विभाग नियंत्रकांना विनंती आहे की 29 तारखेनंतरच्या वेळा हाती आल्या की धाराशिव आणि तुळजापूर स्थानकांच्या फलकावर विमानाची वेळ आणि तिला जोडलेल्या गाडीची वेळ शेजारी शेजारी लिहावी. आणि खासदार, आमदार, पालकमंत्री यांनी सोलापूरच्या मंडळींबरोबर बसून कंपन्यांना आणि मंत्रालयाला एकच मागणी करावी, येत्या 25 ऑक्टोबरपासून एक विमान रात्री सोलापूरला थांबू द्या. हिवाळी हंगामाच्या वेळा कंपन्या महिनोन् महिने आधी मागून ठेवतात. हे पत्र मे महिन्याच्या आत गेलं पाहिजे.